खाच

सोहार. टाइल्सच्या दुकानावरचा मजला,
गळक्या एसीखाली निळी बादली.
सकाळपासून मी चौकटींना पट्ट्या लावते आहे.
आडवा छेद एकदाच काढायचा,
मग त्याला वाट दाखवायची:
डावीकडून वर, माथ्यावरून आडवं, उजवीकडून खाली.
तो मुकाट धावतो,
कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांनी अंग मोडून.
अकरा खिडक्या, सात दारं,
चहा निवायच्या आत.

छेद उम्म हिलालनं आणला होता, टॉवेलात गुंडाळून.
वीतभर लाकूड. रस्ता रुंद झाला
तेव्हा जुन्या घराचं एवढंच हाती लागलं म्हणे.
सहमच्या नव्या बंगल्याला सगळीकडे अशीच पट्टी हवी.

मी कॅलिपर लावला.
वर गोलवा, मग पायरी, मग उथळ पन्हळ,
आणि पन्हळीच्या काठाला एक खाच,
दोन मिलिमीटर रुंद, तीन खोल.
माझ्या व्हिसावर ड्राफ्ट्समन लिहिलंय.
दिसेल ते काढायचं, एवढंच मला येतं.
काढलं.

खाच धावत सुटली.
दिवाणखान्यातून मजलिसकडे, जिन्याच्या खिडकीला वळसा घालून
पोरांच्या खोल्यांमधून थेट मोलकरणीच्या दारापर्यंत.
शिजू खुर्ची सरकवत आला, म्हणाला,
सावलीची रेघ काय सुंदर पडलीय.
मीही म्हटलं, हो ना.

बुधवारी ती बघायला आली.
पडद्यावर बोट टेकवून विचारलं, हे काय?
मी लाकडाचा तुकडा पुढे केला.
ती हसली, आणि मधेच थांबली.
"डिझाइन माफी."

इथे माफी म्हणजे नाही.
सहा वर्षं झाली, तरी तो शब्द कानावर आला
की क्षणभर वाटतं, कोणी कोणाला तरी सोडून दिलं.

डिझाइन नाही. मार आहे तो.
मुहन्ना, तिचा भाऊ, घरातून पळत गेला होता
शेळीची साखळी ओढत, मागे शेळी.
वडिलांनी त्याला दुपारभर अंगणात उभं केलं.
कुठल्या महिन्यात, ते ती बोलली नाही.
मी खिडकीबाहेर बघितलं. जुलै होता.

छेदातली खाच मी पुसली.
एका क्लिकमध्ये अठराही चौकटी बऱ्या झाल्या,
खपलीसुद्धा उरली नाही.
ती बघत राहिली.
मग म्हणाली, एक ठेव.
मोठं दार, डावी बाजू.
गुडघ्यापाशी हात धरला तिनं, विचार केला,
आणि आणखी थोडा खाली नेला.

एकाच जागी खाच पाडणं या सॉफ्टवेअरला जमत नाही असं नाही.
छोटा ठोकळा करायचा, तो पट्टीतून वजा करायचा.
चारदा केला.
चारही वेळा कडा ब्लेडसारख्या सरळ,
जणू कुणी परवानगी घेऊन मारलेला ओरखडा.
शेवटी बाण काढला आणि शेजारी लिहिलं:
येथे खाच. जागेवर, हातानं.
शीट पाठवली.

संध्याकाळी वर्कशॉपमधून गुलझमानचा फोन.
मागे करवत चालू.
"मॅडम, ये खाच किससे मारूं?"
चाळीस पाती आहेत त्याच्याकडे, नंबर टाकून ठेवलेली.
म्हटलं, साखळीनं.
करवत बंद झाली.
वाटलं हसेल.
स्वातचा माणूस, बापही सुतार, आजाही.
त्यानं इतकंच विचारलं,
ओढणारं पोर केवढं होतं?

मी समोरची शीट वर-खाली केली.
उंची होती, खोली होती, लाकडाची जात होती.
हे मी विचारलंच नव्हतं.